अर्धी जीप

९ मार्च

जावईबापू,

हा एक शब्द लिहायला माझा अख्खा कपभर चहा गार झाला. कागदोपत्री तुम्ही आता आमचे जावई नाही. पण 'श्रीयुत' लिहिलं तर तुम्ही विम्याचे एजंट वाटता, आणि नुसतं नाव लिहिलं तर मी शाळामास्तर वाटतो. शेवटी तुमच्या सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिचा नवरा सुटला असेल. माझा जावई नाही सुटला. लिहा गपचूप." म्हणून लिहिलंय. तक्रार असेल तर त्यांच्याकडे करा, माझी हिंमत नाही.

तुमचं चार ओळींचं पत्र पोचलं. गोठ्यामागच्या शेडमधली तुमची जुनी लष्करी जीप विकायची म्हणता. फळं उतरली की गिऱ्हाईक येईल, लॉरीवर चढवून घेऊन जाईल, आम्ही फक्त शेडचं दार उघडायचं. 'तिथला माझा पसारा एकदाचा आवरून टाकतो' असं लिहिलंय. बरोबरच आहे. माणूस दूर गावी नोकरीला गेला, घर वेगळं झालं, मग पसारा सासऱ्याच्या शेडमध्ये कशाला?

तर आता ताकाला येऊन भांडं कशाला लपवू? ती जीप मला हवी आहे.

हसा, हसा. लिलावातून ती दोराने ओढत आणलीत तेव्हा मीच म्हणालो होतो की सैन्याने जिला हाकललं तिला आपण पाहुणी म्हणून आणलंय. पण आपली घोडी या थंडीत गेली. वय झालं होतं, एका सकाळी उठलीच नाही. आणि वरच्या बागेत माझ्या वडिलांनी नासपतीच्या ओळी आखल्या त्या घोडागाडीच्या मापाने. ट्रॅक्टर नावाचा राक्षस जन्माला येईल हे त्यांना कुठून कळणार? शेजारचा बडबड्या आठवतो ना तुम्हाला? त्याचा ट्रॅक्टर आणून पाहिला. दोन फांद्या मोडल्या, एक आरसा फुटला आणि उतारावर घसरून बांधाला टेकला. तो म्हणतो, एकाआड एक ओळ तोडा की झालं. जसं काही एकाआड एक पोर घराबाहेर काढायचंय!

मी टेप घेऊन शेडमध्ये गेलो. तुमची जीप घोडागाडीपेक्षा जेमतेम वीतभर रुंद आहे. ओळींमधून आरामात जाईल. यंदा तिथे नांगर फिरला नाही आणि फळ खाली आणता आलं नाही, तर वरची बाग तोडावी लागेल. सरळ हिशेब आहे.

विकत घेतो म्हणालो असतो, पण पोरगी ऐकत नाही. "त्याची वस्तू या आवारात विकतही नको आणि फुकटही नको. ज्याची त्याने न्यावी." तुमचं दोघांचं काय बिनसलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं की ती भांडी घासायला लागते, घासलेली असली तरी. म्हणून एवढंच मागतो, गिऱ्हाईक येईपर्यंत वापरू द्या. पुढचं पुढे.

आणि चालू कशी करायची तेही लिहा. मी किल्ली शोधण्यासाठी तुमचे सगळे डबे पालथे घातले. मग सासूबाई म्हणाल्या, या गाडीला किल्लीच नसते, नुसती खिट्टी फिरवायची. तुम्हाला कसं ठाऊक, विचारलं, तर म्हणे मी बाजाराला गेलो की तुम्ही त्यांना नदीपर्यंत फिरवून आणायचात. इतकी वर्षं! वा रे वा!

फोन करू नका. फोनवर मला फक्त भांडता येतं.

आशीर्वाद तर आहेतच.

२ एप्रिल

जावईबापू,

तुमची आकृती मिळाली. तीन दांडे कुठला कशासाठी, हे तुम्ही इतकं सोपं काढून दिलंत की मलाही समजलं. मोठा दांडा गिअरचा. शेजारचा छोटा पुढची चाकं जोडायला. तिसरा गाडी अगदी सावकाश पण जोरात चालवायला. खाली लाल शाईत लिहिलंय, 'हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, दांड्याला विळखा घालू नका.' ते मी वाचलं होतं. वाचूनसुद्धा विळखा घातला. अंगठा आता वांग्याएवढा झालाय आणि हे पत्र त्यामुळेच असं वाकडं दिसतंय. उगाच वाटायला नको की म्हातारा थरथरायला लागला.

पण सुरू झाली हो! काळा धूर सोडला, दोनदा खोकली, आणि मग जी काही धडधडायला लागली! पोरगी दूध काढत होती. ती बादली तशीच टाकून धावत बाहेर आली. शेडच्या दाराशी मला बघून थबकली. "तुम्ही होय," म्हणाली आणि परत गेली. बादली गाईने लाथाडली होती.

नांगरणी झाली. घोडीचा नांगर मागे जोडायला लोहाराने आकडा करून दिला. तुम्ही सांगितलंत तसा तिसरा दांडा मागे ओढला, रेस धरून ठेवणारा हाताचा थ्रॉटल थोडा उघडा ठेवला, आणि गाडी इतकी हळू चालली की मी खाली उतरून तिच्याबरोबर चालू लागलो. एक हात स्टिअरिंगवर, नजर नांगराच्या तासावर. घोडीबरोबर असाच चालायचो मी. फरक एवढाच की हिला ओळीच्या टोकाला 'वळ' म्हटलेलं ऐकू येत नाही. पहिल्यांदा 'वळ' म्हणत राहिलो आणि कुंपणाचे दोन खांब गेले.

टायरमधली हवाही सोडली तुमच्या सांगण्यावरून. जिवावर आलं होतं. टम्म फुगलेलं चाक म्हणजे घरात सगळं नीट असल्याची खूण, असं मी आजवर समजत आलोय. पण खरंच, मऊ चाक ओल्या मातीत रुतत नाही. मागच्या पुलीला पट्टा लावून ओढ्याचं पाणीही वर चढवलं. नवीन लावलेल्या रोपांना पोटभर मिळालं. ही नांगर ओढते, पाणी उपसते, आणि संध्याकाळी वैरण आणते. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते असं.

एक सांगायचं राहिलं. रोज सकाळी मी जातो तेव्हा बॉनेट पुसलेलं असतं आणि तेलाची कुपी भरलेली असते. मी नाही करत. सासूबाईंचे हात तिथवर पोचत नाहीत. मी कुणाला विचारलेलं नाही. विचारलं की भांडी घासली जातात.

आभारी आहे. हे मी फारसं कुणाला म्हणत नाही, तेव्हा जपून ठेवा.

२१ मे

जावईबापू,

आज माझी अब्रू बाजारात गेली, अक्षरशः. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

तुम्ही आकृतीत लिहिलं होतं, 'पुढची चाकं फक्त मातीत जोडायची. डांबरी रस्त्यावर सोडून द्यायची.' कारण लिहिलं नव्हतं. कारण नसलं की मी माझं डोकं चालवतो, आणि तिथेच घोडं पेंड खातं. मी म्हटलं, दोन चाकं राबणार आणि दोन नुसती बसून फिरणार? माझ्या घरात असं चालत नाही. बसून खाणाऱ्याला मी कधी ठेवलेलं नाही. लावली चारही कामाला आणि रोपांची खोकी घेऊन निघालो बाजाराला, सासूबाई शेजारी.

अर्ध्या वाटेत स्टिअरिंग जड व्हायला लागलं. मला वाटलं, माझे हात थकले. बाजाराच्या चौकात वळायला गेलो तर गाडी वळेचना. छोटा दांडा ओढला, हलेना. दोन्ही हातांनी ओढला. मग हातोडी घेतली. सासूबाई म्हणाल्या, "तिला मारताय कशाला?" तोवर मागे मालमोटारींची रांग लागली होती. आणि बडबड्या नेमका तिथेच! तो सगळ्यांना सांगत होता, "लढाई संपली, पण हिला कुणी कळवलंच नाही."

शेवटी कोणीतरी पोरगीला फोन केला. ती सायकलवर आली. मला वाटलं आता चारचौघांत ऐकून घ्यावं लागणार. तिने मला हाताने बाजूला सरकायला सांगितलं, बसली, मागच्या गाड्यांना हात करून जागा करायला लावली आणि जीप सरळ मागे घेतली. फार नाही, चौकाच्या कडेच्या खडीपर्यंत. आणि एका बोटाने दांडा काढला. एका बोटाने! माझ्या हातात हातोडी तशीच.

"पीळ पडतो बाबा," म्हणाली. "पक्क्या रस्त्यावर पुढची चाकं आणि मागची चाकं सारखी धावत नाहीत. आत ताण साठत जातो. जोर लावला की आणखी घट्ट होतं. थोडं मागे यायचं, की सुटतं."

मी म्हटलं, "तुला कसं माहीत?"

"मला माहीत नसेल तर कुणाला?" म्हणाली, आणि घरापर्यंत स्वतःच चालवत आली. सायकल जीपमध्येच मागे टाकली होती. वाटेत गिअर असे बदलत होती की मला कळलंसुद्धा नाही, आणि मी बदलतो तेव्हा गावाला कळतं.

तुम्ही दोघं त्या शेडमध्ये काय करत होतात ते मी कधी आत येऊन पाहिलं नाही. दिवा जळताना दिसायचा आणि हसण्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, तुम्ही बोल्टांवर पाने फिरवता आणि ती गप्पा मारत बसते. तसं नव्हतं म्हणायचं.

पुढच्या वेळी कारणही लिहीत जा. माझ्यासारख्याला नुसता नियम पुरत नाही.

१४ सप्टेंबर

जावईबापू,

फळ उतरलं. सगळं खाली आलं. आधी हे सांगतो, मग बाकीचं.

निम्मी खोकी भरून झाली होती आणि आभाळ असं काळवंडलं की दुपारीच कोंबड्या खुराड्यात गेल्या. गारा पडणार हे दिसतच होतं. नासपतीला गारेचा एक फटका बसला की ती फक्त डुकरांच्या कामाची. बडबड्या स्वतः मदतीला आला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने ट्रॅक्टर उताराच्या पायथ्याशी आणला, पण पाऊस सुरू होताच त्याची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मग तो पायथ्याशी थांबला आणि वरून खाली आणायचं काम जीपवर आलं.

मी चालवायला बसलो होतो. पोरगी शिडीवरून उतरली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही खोकी लावा." मी लावली. माझ्या वयाच्या माणसाने कोण काय बरं करतं ते मान्य करावं. ती ओळींमधून जीप खाली नेत होती, बडबड्याकडे उतरवत होती, आणि उलटी वर आणत होती, कारण वळायला जागाच नव्हती. चिखल असा की मला धड उभं राहता येत नव्हतं. जीप मात्र चारही पायांवर मांजरीसारखी उतरत होती. एकदा बांधाशी मागचं टोक सरकलं. मी ओरडलो, "ब्रेक मार!" ती ओरडली, "नाही मारायचा!" आणि उलट थोडी रेस दिली. गाडी सरळ झाली. हे तिला कोणी शिकवलं, हे आता मला विचारावं लागत नाही.

शेवटची खोकी छपराखाली गेली आणि गारा सुरू झाल्या. आम्ही तिघं शेडमध्ये उभे राहून पत्र्यावरचा तो धडधडाट ऐकत होतो. सासूबाईंनी चहा आणला. बडबड्या जीपच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "मी काही बोललो असेन तर ते मागे घेतो." तो गाडीला म्हणाला, मला नाही. तरीही पहिल्यांदाच आहे.

जावईबापू, ही बाग माझ्या वडिलांनी लावली. मी तिच्यात चालायला शिकलो. यंदा ती गेली असती. नाही गेली, ती तुमच्यामुळे. तुम्ही इथे नव्हता, पण तुम्ही जे एकेक बोल्ट काढून, घासून, परत बसवत होतात, ते सगळं त्या दिवशी उतारावर उभं होतं. फार मोठे उपकार झाले. मनापासून सांगतो.

आता गिऱ्हाईक कधी येणार ते कळवा. शब्द दिला आहे, मोडणार नाही.

६ ऑक्टोबर

जावईबापू,

तुमचा माणूस काल आला. मी शब्द मोडला नाही. थोडा वाकवायचा प्रयत्न केला, हे मात्र कबूल.

गृहस्थ चांगले आहेत. गळ्यात कॅमेरा, पायात पांढरे बूट, चिखल आला की टाचांवर चालतात. मी म्हटलं, प्रामाणिकपणे सगळे दोष सांगावेत. सगळे म्हणजे सगळे. सांगून सांगून त्याचं मन उडेल असा माझा बेत होता. "मडगार्डला पोचा आहे," मी म्हणालो. "वा!" तो म्हणाला, आणि फोटो काढला. "सीट फाटली आहे, आत उंदरांनी संसार केला होता." "म्हणजे मूळचीच सीट!" आणखी फोटो. "मागच्या पत्र्याला भोकं आहेत, पाणी येतं." त्याने तर भोकात बोट घालून बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. मी जितकी नावं ठेवावीत तितका तो प्रेमात पडत गेला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

मग मी विचारलं, घेऊन करणार काय? तर म्हणे त्याचं मोठं दालन आहे, तिथे अशा बऱ्याच गाड्या आहेत. खाली गालिचा, वर दिवे, भोवती दोरी. "आणि चालवणार कधी?" "चालवणार? छे छे! आता हिला विश्रांती." मी म्हटलं, अहो, विश्रांती घोडीला हवी होती, तिला नाही मिळाली. हिला कशाला? कालपर्यंत शेण वाहत होती! त्यालाही त्याने 'वा' म्हटलं.

लॉरीला फळ्या लावल्या. त्याचा चालक जीप चढवायला बसला. इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी अर्ध्या फळीवर थांबली. क्लच घसरतोय. ते पाप माझं आहे. घोडागाडीवर पाय टेकवायला समोर फळी असते, तसा मी सहा महिने डावा पाय आरामात क्लचच्या पेडलवर टेकवून चालवत होतो. पार खाल्ला मी तो. गृहस्थ म्हणाले, हरकत नाही, तारेने ओढून घेऊ, चालवायची थोडीच आहे.

तार लावली तेवढ्यात पोरगी वरच्या बागेतून आली. हातात छाटणीची कात्री. लॉरी बघून तिचा रंग उडाला. गिऱ्हाईक कोणत्या दिवशी येणार ते मी तिला सांगितलं नव्हतं.

"उतरवा," ती म्हणाली.

गृहस्थ म्हणाले, "ताई, मालकांशी बोलणं झालंय."

"अर्ध्या मालकाशी झालंय. गिअरबॉक्स बसवला तेव्हा खालून मी छातीवर धरला होता. तो वरून दोर ओढत होता. दोर निसटला आणि माझी बरगडी मोडली. मी घरात कोणाला सांगितलं नाही, शिडीवरून पडले म्हणाले. अर्धी जीप माझी आहे. मला विकायची नाही."

सासूबाई मटकन ओट्यावर बसल्या. ती शिडी आम्ही तेव्हा फोडून चुलीत घातली होती!

गृहस्थ शहाणे. म्हणाले, दोन मालकांचं एकमत झाल्याशिवाय मी गाडीला हात लावत नाही, महिनाअखेरीस विचारीन. तार सोडली, उतरवून दिली आणि टाचांवर चालत गेले. आम्ही तिघांनी जीप ढकलून शेडमध्ये आणली. पोरगीने दार लावलं आणि आतच थांबली.

आता निर्णय तुमचा आहे. तुमची अर्धी तुम्ही विकायची म्हणालात तर मी मधे येणार नाही, तिलाही समजावीन. पण त्याआधी एक ऐका. मी मार्चपासून तुम्हाला सांगतोय की जीप गेली तर बाग जाईल. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. काल लॉरीच्या फळीवर ती चढताना मला बाग आठवलीच नाही. मला एवढंच वाटलं की आता तुम्हाला पत्र कशाबद्दल लिहायचं? दांडा कुठला, हवा किती, तेल कोणतं, यावर आपण सहा महिने बोलतोय. तुम्ही या घरात राहत होतात तेव्हा इतकं बोललो नव्हतो. मला मुलगा नाही. त्याचं वाईट वाटून घ्यायला मला कधी सवडच झाली नाही, कारण तुम्ही होतात. तुमचं तिचं जुळावं म्हणून हे लिहीत नाही, तो तुमचा मामला. मी माझ्यापुरतं लिहितोय. तुम्ही माझे आहात, आणि मी तुमचा फार आभारी आहे.

हे पाकीट चिकटवून मी फडताळावर ठेवणार, आणि सकाळी ते तिथे नसेल. आधीचीही नव्हती. मला वाटायचं, सासूबाई टपालात टाकतात. त्यांना वाटायचं, मी. आज दोघांनी एकमेकांना विचारलं.

२७ ऑक्टोबर

जावईबापू,

पार्सल काल आलं. टपालवाल्याने माझ्या हातात दिलं, पण वर नाव तिचं होतं, तुमच्या अक्षरात. मी उघडलं नाही. उघडायला हात शिवशिवत होते, पण नाही उघडलं. याची नोंद घ्या.

तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोरा कापला. तुमचा जुना निळा सदरा, आणि सदऱ्यात गुंडाळलेली नवी कोरी क्लचप्लेट. चिठ्ठी नाही. तिने सदरा झटकून बघितला, खिशांत बघितलं. काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "विकायच्या गाडीला कुणी नवी क्लचप्लेट घालतं का ग?" ती प्लेट हातात घेऊन फिरवत बसली. मग सदऱ्याची घडी घातली. चांगली इस्त्रीची घडी, बरं का. आणि उठून शेडकडे गेली.

महिनाअखेर व्हायच्या आधी त्या गृहस्थांना मीच फोन करून टाकला की एकमत झालंय आणि ते त्यांच्या विरुद्ध झालंय. ते हळहळले. बोलले चांगलं. मडगार्डचा पोचा सरळ करू नका, एवढं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं. दिलं.

माझी रात्रीची झोप परत आली. आता बाग वाचली. सासूबाईंनी तुमच्या नावाने नासपतीचा मुरंबा घालून ठेवलाय, दोन बरण्या, त्यांना मी हात लावायचा नाही असं मला बजावलंय. तुमचे उपकार मानायला आता माझ्याकडे नवे शब्द नाहीत, जुनेच पुन्हा वापरून घ्या.

काल पार्सल उघडल्यावर थोड्या वेळाने मी तिच्या मागोमाग शेडमध्ये गेलो. तिने जीपच्या चाकांना दगड लावले होते, मागून पुढून ठोकळ्यांवर चढवली होती, आतला तळाचा पत्रा काढून ठेवला होता. खाली आडवी होऊन बॅटरीच्या उजेडात बघत होती. मी बाह्या सरसावल्या.

"तुमच्याने नाही होणार," ती खालूनच म्हणाली. "प्लेट बदलायची म्हणजे सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तुमची कंबर बघा आधी."

"मग बडबड्याला बोलावू?"

"त्याला हात लावू देणार नाही."

"मग लोहाराला?"

"नको."

"मग कसं व्हायचं हे?"

खालून नुसता पाना आपटल्याचा खणखण आवाज आला. मला वाटलं आता इथेही भांडी घासायला घेते की काय. मग ती सरपटत बाहेर आली. कपाळाला काळं लागलं होतं. माझ्याकडे न बघता हात पुसत म्हणाली, "गिअरबॉक्स एकट्याने उतरत नाही, हे त्याला माहीत आहे. माहीत असून नुसती प्लेट पाठवली."

मी गप्प राहिलो. मी गप्प राहू शकतो, हे मलाही तेव्हाच कळलं.

"लिहा त्याला," ती म्हणाली. "सुट्टी कधी आहे ते विचारा. खालून मी धरीन. पण दोर या वेळी नीट धर म्हणावं."

शब्द तिचे, अक्षर माझं. गाडी ठोकळ्यांवर आहे. कधी येताय?